साडेनऊ हजारांच्या विड्रॉलपायी अकाउंट फ्रीज झालं त्याची हकीकत

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार. लक्ष्मीपूजनाला बरोबर आठ दिवस होते. माझं सांगोल्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, जास्त करून बोअरच्या सबमर्सिबल येतात, कधीमधी गिरणीच्या मोटरी. त्या दिवशी सोलापूरच्या वायरवाल्याला २२ हजार पाठवायचे होते, तांब्याची वायर संपलेली आणि दोन डाळिंबवाल्यांच्या मोटरी खोलून पडलेल्या. फोनवरून पाठवले तर फेल, परत पाठवले तर परत फेल, म्हणलं सर्व्हर डाऊन असेल. जेवून आलो तरी तेच. एटीएमला गेलो तर बॅलन्स ८७ हजार दाखवतोय पण हजार रुपये सुद्धा निघेनात. दुकानात येऊन बसतोय तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं क्यूआर मारला आणि काउंटरवरचा बॉक्स बोलला, साडेसातशे रुपये मिळाले. म्हणजे पैसे आत येत होते, बाहेर जात नव्हते. पुढचे ७० दिवस हे असंच चाललं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. मॅनेजरनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले डेबिट फ्रीज आहे, सायबरकडून आलंय, आमच्या हातात काही नाही. मग एका कागदावर लिहून दिलं: तेलंगणातलं एक सायबर पोलीस स्टेशन, तक्रारीचा नंबर, एक ईमेल, आणि रक्कम ९,५००. मी म्हणलं साहेब साडेनऊ हजाराचा वाद आहे तर तेवढे धरून ठेवा, बाकीचे माझ्या कामाचे पैसे आहेत. ते म्हणाले पूर्ण अकाउंट लॉक करायला सांगितलंय. नंतर जरा हळू आवाजात विचारलं, तुम्ही काही ऑनलाईन गेम वगैरे खेळता का?

मी नाही म्हणलो. बाजूला ओळखीचे दोघं उभे होते, लाज वाटली. पण खरं हे होतं की ९,५०० आकडा वाचल्या वाचल्या मला कळलं होतं कुठले पैसे ते.

मागचं थोडं सांगतो. २०२१ पासून मी क्रिकेटच्या एका ॲपवर पैसे लावून टीम बनवायचो, ४९ रुपये, ९९ रुपये. ते ॲप टीव्हीवर जाहिरात करायचं, इंडियाच्या जर्सीवर नाव होतं, त्यात चुकीचं काही आहे असं कधी डोक्यात आलं नाही. मग ऑगस्ट २०२५ मधे केंद्राचा कायदा आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही, एवढ्या झपाट्यात पैशाचे ऑनलाईन खेळ बंद करायचं ठरलं आणि मोठ्या कंपन्यांनी दोन-तीन दिवसांत पैशाच्या स्पर्धा बंद करून टाकल्या. तिथंच मी थांबलो असतो तर आज हे लिहीत नसतो. पण आमच्याच भागातला एक पोरगा व्हॉट्सॲपवर आयडी द्यायचा. आयडी म्हणजे बाहेरच्या देशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साईटचं लॉगिन. त्यानं मेसेज टाकला, तिकडं बंद झालं असलं तरी आपल्याकडं सगळं चालू आहे, पाचशेपासून डिपॉझिट. मी घेतला. पेपरात वाचलं होतं की नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळं बिनधास्त होतो.

त्या साईटवर पैसे भरताना दर वेळी वेगळा यूपीआय आयडी यायचा. कधी कुठलं जनरल स्टोअर, कधी एखाद्या बाईचं नाव, कधी ट्रेडर्स. विड्रॉल टाकला की येणारे पैसे पण असेच कुठल्यातरी अनोळखी नावावरून. मला ते खटकायला पाहिजे होतं. मी माझ्या धंद्यात पावतीशिवाय वायर घेत नाही, कुणाचा माल आहे, चोरीचं भंगार तर नाही ना हे बघून घेतो, आणि इथं अकाउंटमधे कुणाचे पैसे येतायत हे एकदा पण विचारलं नाही. १४ सप्टेंबरला दुबईत आशिया कपची इंडिया-पाकिस्तान मॅच होती, इंडिया ७ विकेटनी जिंकली, मी इंडियावर लावले होते. रात्रीच विड्रॉल टाकला, दुसऱ्या दिवशी साडेनऊ हजार जमा. आनंदात स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर पण टाकला. हा स्क्रीनशॉट लक्षात ठेवा, पुढं त्याचाच आधार झाला.

बँकेतून घरी आल्यावर मी सगळ्यात मोठी चूक केली. घाबरून त्या आयडीवाल्याचं पूर्ण चॅट डिलीट केलं, ब्राउजरची हिस्ट्री साफ केली, नंबर ब्लॉक केला. मला वाटलं पुरावा राहिला नाही तर आपण सुटलो.

पहिले पंधरा दिवस नुसते ईमेल. दिलेल्या पत्त्यावर हिंदीत लिहिलं, इंग्रजीत लिहून घेऊन पाठवलं, उत्तर नाही. लँडलाईन लागली की उचलून तेलुगूत काहीतरी बोलून ठेवून द्यायचे. इकडं दुकानाचा हप्ता बाउन्स झाला, दंड लागला, लाईट बिल राहिलं. क्यूआरवर पैसे आले की तेही अडकणार म्हणून मी तो स्टँड उचलून खाली ठेवला आणि गिऱ्हाइकांना रोख द्या म्हणायला लागलो. लोक विचारायचे का बंद केलं, मी मशीन खराब आहे सांगायचो. बायकोनं तिच्या बचत गटातून ३० हजार उचलून दिले तेव्हा दिवाळी झाली. तिला मी तोपर्यंत बँकेचा काहीतरी घोळ आहे एवढंच सांगितलेलं.

ह्याच दिवसांत दोन माणसं भेटली, दोन्ही धोक्याची. एक टेलिग्रामवरचा, अनफ्रीज करून देतो म्हणणारा, सायबरमधे आपली ओळख आहे, अडकलेल्या रकमेच्या ३० टक्के आधी टाका. पत्र म्हणून जे पाठवलं त्यावर कुठल्या पोलीस स्टेशनचा शिक्का आहे ते सुद्धा वाचता येत नव्हतं. त्याला मी दिले नाहीत कारण द्यायला नव्हतेच. दुसरा तो आयडीवाला, नव्या नंबरवरून. म्हणाला भाऊ टेन्शन घेऊ नको, दुसऱ्या बँकेत नवीन अकाउंट काढ, पासबुक, एटीएम आणि त्याला जोडलेलं सिम असं किट मला दे, महिन्याला पंधरा हजार घरबसल्या. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी हिशोब केला होता, तीन महिन्यात सगळं फिटतंय. बायको जागी होती, तिनं विचारलं आणि मग मला सगळंच सांगावं लागलं, आयडी, मॅच, सगळं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, अहो, दुसऱ्याच्या अकाउंटवरून आलेल्या पैशानं आपलं अकाउंट बंद पडलंय, आणि आता आपलं अकाउंट त्याला द्यायचं म्हणताय?

सकाळी ती मला घेऊन कोर्टाजवळच्या वकीलसाहेबांकडं गेली. तिथं जे कळलं ते मी आधी वाचलेल्या अर्ध्या बातमीपेक्षा फार वेगळं होतं, म्हणून जरा नीट सांगतो.

वकीलसाहेब म्हणाले, खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे केंद्राच्या कायद्यापुरतं बरोबर आहे. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख, आणि पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला परत ३ वर्षं आणि १ कोटी. चालवणं आणि व्यवहार करून देणं हे दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. खेळायला लावणं, मदत करणं हे पण चालवण्याच्याच कलमात येतं, म्हणजे तो आयडी वाटणारा पोरगा त्यात येतो आणि तुम्ही चार मित्रांना त्याचा नंबर देऊन कमिशन खाल्लं तर तुमच्यावर पण तेच येऊ शकतं. किट दिलं असतं तर आज तुम्ही माझ्यासमोर साक्षीदार म्हणून नाही, आरोपी म्हणून बसला असता, हे त्यांनी बायकोकडं बघून सांगितलं.

शिवाय केंद्राचा कायदा एकटा नाही. आपल्याकडं १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, पत्त्याच्या क्लबवर धाड पडते ती त्याच्याखाली, आणि त्यात अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही सोडलेलं नाही. तमिळनाडूनं २०२२ च्या कायद्यात ऑनलाईन जुगार खेळणाऱ्यालाच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड ठेवलाय. तेलंगणानं तर २०१७ मधेच रमीसकट ऑनलाईन पैशाचे खेळ बंद केले. बरेच लोक म्हणतात की गोव्यात कॅसिनो चालतो मग इथं काय, तर गोव्याला त्यांचा स्वतःचा १९७६ चा कायदा आहे आणि त्यात दुरुस्ती करून तो चालतो. महाराष्ट्रानं पण १९७६ मधे कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मधे रद्द करून टाकला. हे मला पण माहीत नव्हतं.

पण त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं ते असं की तुमच्यावरचं प्रकरण जुगाराचं नाहीच. तुमच्या अकाउंटवर आलेलं प्रकरण फसवणुकीचं आहे. कुणालातरी कुठंतरी गंडवलंय, त्याचे पैसे फिरत फिरत तुमच्याकडं आलेत. पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली अशी मालमत्ता थांबवता येते, आणि त्यांना ते मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मधे सांगितलंय की फ्रीज वादातल्या रकमेपुरताच ठेवा, तो मुद्दा आपल्याला मांडता येईल. कलम ५०३ खाली तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, पण आधी पोलिसांकडून होतंय का बघू, खर्च कमी लागेल.

घरी तात्यांना कळलं. तात्यांच्या काळात आमच्या भागात मटक्याचा आकडा जोरात होता, कल्याण, वरळी, ओपन-क्लोज. त्यांचा त्यात एक बैल गेलेला आहे, आईनं कितीदा तरी सांगितलंय. ते म्हणाले, टपरीवर धाड पडायची तर चिठ्ठी लिहिणारा सापडायचा, आम्ही चिठ्ठी चघळून गिळून टाकायचो, संपला विषय. मी त्यांच्यापुढं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट ठेवलं, ४१ पानं. एकेक ओळ तारखेसकट, वेळेसकट, समोरच्याच्या नावासकट. ते बराच वेळ पानं उलटत होते, काही बोलले नाहीत.

वकीलसाहेबांनी नीट अर्ज तयार केला, धंद्याचं उद्यम सर्टिफिकेट, वायरची बिलं, स्टेटमेंट सगळं जोडून ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा उत्तर आलं, त्याच संहितेच्या कलम ९४ ची नोटीस, कागदपत्रं घेऊन हजर राहा. मला नोटीस बघूनच घाम फुटला. वकीलसाहेब म्हणाले ९४ आहे म्हणजे कागद मागतायत, ३५(३) ची असती तर संशयित म्हणून बोलावलंय असं समजायचं. नोटीस आली की आधी कलम बघायचं, हे तेव्हा शिकलो.

मग मला विचारलं, सट्ट्याचे पैसे होते हे दाखवायला काय आहे तुमच्याकडं? मी म्हणलं सगळं डिलीट केलं. ते दोन मिनिटं गप्प बसले. म्हणाले, अहो तुम्ही तुमच्याच बाजूचा पुरावा पुसलात. आता पोलिसांच्या नजरेत एवढंच आहे की फसवणुकीचे पैसे ह्या माणसाच्या अकाउंटला आले. तुम्ही खेळून मिळवले की तुम्ही त्या टोळीतले आहात हे कशावरून ठरवायचं? तेव्हा मला तो ग्रुपवर टाकलेला स्क्रीनशॉट आठवला. माझ्या फोनमधून गेला होता पण ग्रुपमधल्या एका मित्राकडं होता. त्यात साईटचं पान, रक्कम, विड्रॉलचा नंबर आणि १४ सप्टेंबर रात्रीची वेळ, सगळं दिसत होतं.

सोलापूरहून पहाटेच्या गाडीनं हैदराबादला गेलो, मी आणि मेहुणा. आत जाईपर्यंत पोटात गोळा होता. तीन तास बाकावर बसवलं, पण मारहाण, शिव्या, पैसे मागणं असलं काही झालं नाही हे मुद्दाम सांगतो, कारण लोक भीतीपोटी जात नाहीत आणि एजंटला पैसे देतात. जे अधिकारी होते ते दखनी हिंदीत बोलायचे, शांत माणूस. त्यांनी स्टेटमेंट बघितलं, स्क्रीनशॉट बघितला, मग त्यांच्याकडचा एक मोठा छापील तक्ता काढून माझ्यापुढं फिरवला.

वर तक्रारदाराचं नाव, ते त्यांनी हातानं झाकलं. एवढंच सांगितलं की रिटायर माणूस आहे, शेअर ट्रेडिंगच्या खोट्या ॲपमधे ११ लाखाच्या वर गेले, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला तोपर्यंत बरेच दिवस उलटले होते. खाली ओळी. लेअर १, म्हणजे त्या माणसानं ज्या अकाउंटला पाठवले ते. त्यातून फुटून लेअर २ मधे नऊ अकाउंट. त्यातून लेअर ३, तिथं माझं नाव, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अकाउंट नंबर, ९,५००. त्यांनी पेनानं दोन वेळा दाखवल्या. त्या म्हाताऱ्या माणसानं पैसे पाठवले १५ सप्टेंबर सकाळी १० वाजून ५८ मिनिटांनी. माझ्याकडं जमा झाले ११ वाजून ४२ मिनिटांनी. ४४ मिनिटं.

साहेब म्हणाले, तुमको लगा मॅच जीते, बोलके पैसा आया. वो लोगां अपना पैसा कायकू देते? इनका पैसा तुमको दिये, तुम जो भरे वो साफ पैसा उनो ले गये.

मी खाली मान घालून बसलो. मॅचच्या दुसऱ्या दिवशी त्या पैशातून मी पोरीला सायकल घेतली होती. अजून घरात आहे ती.

जबाब लिहून घेतला, हिंदीत वाचून दाखवला, सही केली. ते साडेनऊ हजार तक्रारदाराला परत द्यायला माझी हरकत नाही असं पण लिहून दिलं, तिकडं लोकअदालतीतून असे पैसे परत देतात. आयडीवाल्याचे दोन्ही नंबर दिले. साहेबांनी सांगितलं की ९,५०० वर लीन ठेवून, म्हणजे तेवढेच पैसे अडकवून, बाकीचं अकाउंट खुलं करायचं पत्र बँकेला पाठवतो. ते पत्र आलं, बँकेनं वरून मंजुरी, खालून मंजुरी करत अजून आठवडा घातला, आणि २२ डिसेंबरला माझा पहिला व्यवहार पास झाला. वायरवाल्याला आधी पाठवले.

नंतर सीएकडं बसलो कारण हे सगळं धंद्याच्या अकाउंटमधून झालेलं. त्यांनी सांगितलं की ऑनलाईन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, कलम ११५बीबीजे, २०२३-२४ पासून, आणि खेळ बेकायदेशीर होता म्हणून टॅक्स सुटत नाही. माझ्या बाबतीत निव्वळ जिंकलेलं काही नव्हतंच. हायलायटर घेऊन त्या ४१ पानांवर मीच खुणा केल्या, भरलेले गुलाबी, आलेले पिवळे. भरलेले १ लाख ३८ हजार, आलेले ५२ हजार. चाळीस दिवसांत. हा आकडा मी तोपर्यंत कधी मांडलाच नव्हता, डोक्यात फक्त जिंकलेले दिवस होते.

आयडीवाल्या पोराचं काय झालं ते लोक विचारतात. माझ्यापुरतं सांगतो, जानेवारीत त्याच्या घरी दोन पोलीस येऊन गेले आणि त्याचे वडील माझ्या दुकानात येऊन तासभर बसले. त्यांची मोटर मीच भरून दिलीय दोन वेळा. त्यांना काय बोलावं मला सुचलं नाही, चहा सांगितला.

आणि माझं पण संपलेलं नाही. पिवळ्या ओळी एकूण १७ आहेत, १७ विड्रॉल, आणि त्यातली १६ वेगवेगळ्या अकाउंटमधून आलेली. मागच्या आठवड्यात बँकेतून परत फोन आला. कर्नाटकातली तक्रार आहे, रक्कम २,०००, ह्या वेळी पूर्ण फ्रीज नाही, फक्त लीन. मी पानं काढली, ती ओळ सापडली, ६ सप्टेंबर. फाईल आता दुकानातच ठेवतो, वार्निशच्या डब्यांच्या वरच्या फळीवर.